खुर्ची कोणी उचलली?

प्रश्न थोडक्यात असा आलाय: "मी नाशिकची, वय २६, बी.कॉम., गंगापूर रोडला एका सीएंच्या ऑफिसात नोकरी. कॉलेजात एकांकिका केल्या, मग चार वर्षं राज्य नाट्य स्पर्धा. एका फार वाईट काळातून मला नाटकानंच बाहेर काढलं, म्हणून आता ड्रामा थेरपिस्ट, म्हणजे नाटकातून मानसिक उपचार करणारी, व्हायचंय. सहा वीकेंडचा एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स दिसलाय, तो केला तर चालेल का? नाहीतर नोकरी सांभाळून घरबसल्या एम.ए. करू का? यात पैसे मिळतात का? घरचे म्हणतात, पुरे झाली आता नाटकं. ताई, प्लीज सविस्तर सांगा."

अगं, घरच्यांचं नंतर बघू, आधी त्या सहा वीकेंडचं. कर की, चार खेळ शिकशील, चार माणसं भेटतील. पण तेवढ्यावर तू थेरपिस्ट होत नाहीस, आणि ते सर्टिफिकेट भिंतीवर लावून कोणाला समोर बसवलंस तर मी त्याला सरळ धोका म्हणेन. कडक वाटलं तर वाटू दे. मी असं का म्हणते त्याच्यामागे माझीच एक गोष्ट आहे, ती मी सहसा कोणाला सांगत नाही.

वीसेक वर्षं झाली असतील. समुपदेशनाचा डिप्लोमा नुकताच झालेला, नाटकात दहा वर्षं मुरलेली, आणि मुंबईला पाच दिवसांच्या एका वर्कशॉपमध्ये रिकाम्या खुर्चीचा प्रकार शिकून आलेली. म्हणजे समोर एक रिकामी खुर्ची ठेवायची, ज्याच्याशी बोलायचं राहून गेलंय तो माणूस तिथे बसलाय असं धरायचं आणि बोलायचं. शहराबाहेरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मला दर बुधवारी दुपारचा दीड तास दिलेला. तिथे चाळिशीचे एक गृहस्थ होते, ट्रक चालवायचे (ओळख लागू नये म्हणून थोडे तपशील बदललेत). धाकटा भाऊ अपघातात गेलेला, आणि गाडी हेच चालवत होते. मी खुर्ची ठेवली. आधी हसले, मग गप्प झाले, आणि मग जे सुटले ते वीस मिनिटं थांबलेच नाहीत. खोलीतले सगळे रडले, मी पण रडले, शेवटी टाळ्या पडल्या. टाळ्या! आणि त्या मला यश वाटल्या, म्हणजे मी किती कच्ची होते ते समज. पाच वाजले, चहा आला, तो प्यायले, पर्स उचलली आणि सीबीएसची बस पकडली, रस्ताभर जमिनीवर पाय नव्हते माझे.

रात्री साडेदहाला केंद्रातून फोन. गृहस्थ जेवले नव्हते, हॉलमध्ये त्याच खुर्चीसमोर बसून होते आणि कोणाला तिच्यावर बसू देत नव्हते. तिथला पोरगा रोजच्यासारखा खुर्च्या एकावर एक रचायला आला, ती पण उचलली, आणि यांनी खिडकीच्या काचेत हात घातला. सात टाके पडले.

पुण्यात माझ्या एक सीनियर होत्या, मानसोपचारतज्ज्ञ, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना फोन लावला, रडत रडत सगळं सांगितलं, की अहो पण किती मोकळे झाले होते ते, किती वर्षांचं आत साठलेलं बाहेर आलं होतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "खुर्ची कोणी उचलली?" मला प्रश्नच कळला नाही. "तू त्यांच्या भावाला त्या खुर्चीत आणून बसवलंस ना? मग उठवलं कोणी? तू चहा पिऊन निघून आलीस. तो भाऊ अजून तिथेच बसलाय."

तर बघ, सहा वीकेंडच्या कोर्समध्ये खुर्ची ठेवायला शिकवतात. ठेवायला तर कोणालाही येतं.

आता तू नाटकवाली आहेस म्हणून तुझ्या भाषेत सांगते. कालिदास किंवा सायखेडकर नाट्यगृहात प्रयोग संपला की आपण काय करतो? पडदा पडतो, खोबरेल तेल लावून रंग पुसतो, कपडे बदलतो, सेट काढून टेम्पोत भरतो, मग रात्री एकला टपरीवर चहा आणि कोणाची एंट्री कशी चुकली त्यावर खिदळणं. हे सगळं भूमिकेतून परत येणंच आहे, फक्त आपण त्याला काही नाव देत नाही. थेरपीवाले त्याला डी-रोलिंग म्हणतात. समोर बसलेल्या माणसाला मात्र ना मेकअप असतो, ना टेम्पो, ना टपरी. तो आपल्याच भावाशी, आपल्याच बापाशी बोलून आपल्याच अंगातल्या शर्टात बाहेर पडतो आणि तसाच रिक्षात बसतो. म्हणून हे सगळं आपल्याला मुद्दाम घडवून आणावं लागतं, आणि ते उरकून चालत नाही. माझं सेशन नव्वद मिनिटांचं असतं, त्यातली शेवटची वीस-पंचवीस मी याच्यासाठी राखून ठेवते, मग मधला सीन कितीही रंगलेला असो. ज्यानं भावाचं काम केलं तो ओढणी किंवा टोपी जे काय असेल ते झटकून काढतो आणि तोंडानं म्हणतो, "मी तुमचा भाऊ नाही, मी अमुक, मी सातपूरला राहतो." खुर्ची असेल तर ज्यानं ती भरली त्यानंच उचलायची, भिंतीला लावायची आणि ती कशी आहे ते सांगायचं. निळी आहे, प्लास्टिकची आहे, एका पायाला चीर गेलीय. मग आज वार कोणता, सकाळी काय खाल्लं, इथून घरी कसे जाणार, कोणत्या रस्त्यानं. नवीन लोकांना हे फार बाळबोध वाटतं. वाटू दे.

आणि हे काही परदेशातून आलेलं शहाणपण नाही हं. सुरगाणा, पेठकडचा बोहाडा, म्हणजे मुखवट्यांची सोंगं नाचवायचा उत्सव, पाहिलायस का कधी? नसशील तर उन्हाळ्यात एकदा रात्रभर जागून बघ. मी पाहिला त्यात माणूस मुखवट्याला नमस्कार केल्याशिवाय सोंग चढवत नव्हता, संबळ वाजतोय तोवर तो देव किंवा राक्षस, आणि सोंग नाचवून झालं की मुखवटा उतरवायला दोघं जण शेजारी तयारच उभे. उतरवला की आधी घाम पुसला, पाणी दिलं, नावानं हाक मारली. मी तिथे बसून मनात म्हटलं, अरे हे तर माझे क्लोजिंगचे पॉइंट आहेत! मी ते पैसे भरून शिकले होते.

खुर्चीचा विषय निघालाच आहे तर मोरेनोचं सांगते, कारण तुला पुढे हे नाव शंभर वेळा ऐकायला मिळणार. जेकब मोरेनो, जन्म १८८९ चा बुखारेस्टचा, वाढला व्हिएन्नात, पेशानं डॉक्टर. १ एप्रिल १९२१ ला, म्हणजे पहिलं महायुद्ध हरून राजेशाही गेलेली, देशाचा धनी कोण कळत नाहीये अशा दिवसांत, त्यानं व्हिएन्नाच्या एका थिएटरात स्टेजवर राजाची लाल खुर्ची ठेवली, मुकुट ठेवला, ना नट, ना संहिता. प्रेक्षकांना म्हणाला, या, बसा, तुम्ही राजे असाल तर काय कराल ते दाखवा. बरेच जण आले आणि कोणीच पास झाला नाही, मोरेनोचं नाव खराब झालं ते वेगळंच. पण सायकोड्रामावाले आपली सुरुवात त्या रात्रीपासून धरतात. १९२५ ला तो अमेरिकेत गेला, १९३६ ला न्यूयॉर्कजवळ बीकनला स्वतःचं हॉस्पिटल काढलं, तिथे उपचारासाठी खास स्टेज बांधलं. रिकामी खुर्ची मुळात त्याचीच, पुढे फ्रिट्झ पर्ल्स या मानसोपचारतज्ज्ञानं ती आपल्या गेस्टाल्ट थेरपी या उपचारपद्धतीत नेली आणि जगभर झाली.

लोक या नावांची खिचडी करतात, तर तेवढं एकदा समजून घे. सायकोड्रामात माणूस स्वतःची खरी गोष्ट, खऱ्या नात्यांसकट समोर मांडतो. त्यात जागा बदलणं आलं, म्हणजे तू तुझ्या वडलांच्या जागी बसायचं आणि वडील होऊन तुलाच उत्तर द्यायचं. डबल आला, म्हणजे कोणीतरी तुझ्या मागे उभं राहून तुझ्या मनातलं न बोललेलं बोलायचं, आपल्याकडचा विंगेतला प्रॉम्प्टरच, फक्त हा संहितेतलं नाही तर पोटातलं प्रॉम्प्ट करतो आणि चुकला तर तू "नाही, असं नाहीये" म्हणून त्याला दुरुस्त करायचं. ड्रामा थेरपीचं घर याहून मोठं, त्यात काल्पनिक गोष्टी, मुखवटे, बाहुल्या, खेळ सगळं बसतं. प्लेबॅक थिएटर म्हणजे प्रेक्षक आपला अनुभव सांगतो आणि नट तो तिथल्या तिथे करून दाखवतात, जोनाथन फॉक्स आणि जो सालास यांनी १९७५ ला अमेरिकेत सुरू केलं. आणि ब्राझीलच्या ऑगस्तो बोआलचं फोरम थिएटर, त्यात प्रेक्षक उठून नटाची जागा घेतो आणि अन्यायाच्या प्रसंगात वेगळं काय करता आलं असतं ते करून बघतो, आपल्या देशात १९८५ ला सुरू झालेली बंगालमधली जनसंस्कृती ही संस्था ते करतेय. शेवटची दोन्ही फार ताकदीची आहेत, पण ती उपचार म्हणून जन्माला आलेली नाहीत. वस्तीत फोरम केलंस म्हणून थेरपी केली असं म्हणू नकोस.

हो, आणि प्रत्येक उद्घाटनात कोणीतरी भरताचा तो श्लोक म्हणतंच, "दुःखार्तानां श्रमार्तानां शोकार्तानां तपस्विनाम्, विश्रान्तिजननं काले नाट्यमेतद्भविष्यति." मला तो आवडतो. पण नीट वाच, भरतमुनी विश्रांती म्हणतात. उपचार म्हणत नाहीत. तुला नाटकानं बाहेर काढलं ना, ते बहुतेक हेच असणार, विश्रांती, माणसं, रोज सात वाजता तालमीला जायचंय म्हणून अंथरुणातून उठणं. खूप मोठी गोष्ट आहे ती, पण ती तुझ्या बाबतीत घडली म्हणून तू ती दुसऱ्याच्या बाबतीत घडवू शकतेस असं होत नाही. यावर पुढे परत येते.

आता खरं काम कसं दिसतं ते एका मुलावरून सांगते (हा पण बदललेला, दोन-तीन मुलांचा मिळून एक केलाय). शाळेतला गट, दहा-अकरा वर्षांची मुलं, गोदाकाठच्या वस्तीतली. हा मुलगा बोलायचाच नाही, म्हणजे घरी बोलायचा म्हणे, शाळेत नाही. आपली नेहमीची पद्धत काय, एक ते दहामध्ये तुझी भीती किती सांग. त्याला एक ते दहाचं काय घेणंदेणं! मी एक जुनी निळी चादर आणली, दोन टोकं दोन मुलांकडे दिली, हलवा म्हटलं, झाली गोदावरी. आणि एकाला मधे उभं केलं, तो दुतोंड्या मारुती, आपल्या नदीपात्रातली ती उंच मूर्ती. नाशिकच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, गंगापूर धरणातून पाणी सोडलं की अख्खं गाव एकच विचारतं, मारुतीच्या कुठपर्यंत आलं? गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. मग मी प्रत्येकाला विचारायला लागले, आज तुझं पाणी कुठपर्यंत? चादर तिथपर्यंत उचलायची. कोणी घोट्याला, कोणी पोटाला, खिदळत चाललेलं. याची पाळी आली, हा मारुतीच्या जागी उभा राहिला आणि त्यानं हातानं गळा दाखवला. मुलांनी चादर गळ्यापर्यंत आणली. मी काहीही विचारलं नाही, का, कशामुळे, घरी काय झालं, काही नाही. फक्त म्हटलं, धरणावर फोन करायचा का, दार बंद करा म्हणून? त्यानं मान हलवली. एका पोरानं चप्पल कानाला लावली आणि धरणावर फोन केला, "ओ साहेब, पाणी कमी करा, आमचा मारुती बुडतोय." सगळे हसले, तो पण. चादर हळूहळू खाली आली, छाती, कंबर. गुडघ्याला आली तेव्हा तो म्हणाला, "बास." शाळेत मी ऐकलेला त्याचा पहिला शब्द. नंतर चादर त्यानंच घडी घातली, कोपऱ्याला कोपरा लावून, फार टापटिपीनं.

पाच आठवडे आम्ही पाणीच खेळलो. सहाव्याला पाणी कुठून येतं ते त्यानं सांगितलं, आणि ते सांगितल्यावर मला जे करायचं होतं ते खेळातलं नव्हतं, कायद्यातलं होतं, त्यावर येतेच.

यात मी केलं काय, तर अंतर ठेवलं. मुलाला त्याची गोष्ट त्याच्या नावानं सांगायला लावली नाही, मारुतीच्या नावानं सांगू दिली. रॉबर्ट लँडी म्हणून न्यूयॉर्कचे एक मोठे ड्रामा थेरपिस्ट, त्यांनी हे अंतराचं प्रकरण नीट मांडलंय. फार लांबून केलं तर माणूस नुसता विनोद करत राहतो, आत काही हलत नाही. फार जवळून केलं तर तो बुडतो, माझ्या ट्रकवाल्या गृहस्थांसारखा. मधे कुठेतरी अशी जागा असते जिथे माणूस रडू पण शकतो आणि विचार पण करू शकतो, ती शोधणं आणि माणूस तिथून घसरायला लागला की ओळखणं, मला विचारशील तर आख्खं ट्रेनिंग याचंच आहे. आणि म्हणून नटांना हे काम अवघड जातं, राग नको मानूस. आपल्याला सवय असते सीन चढवायची. कोणी हळू बोललं की आपल्या तोंडून निघतंच, "आवाज पोचत नाहीये." माझ्या तोंडून निघालंय, एका बाईला, जिनं आठ वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याबद्दल तोंड उघडलं होतं. ती पुढच्या वेळेस आलीच नाही.

बरं, आता शिक्षण. भारतात "ड्रामा थेरपिस्ट" हे नाव कायद्यानं राखीव नाही, त्यामुळे कोणीही लावू शकतं आणि लावतातही. ब्रिटनमध्ये असं चालत नाही, तिथे ड्रामाथेरपिस्ट म्हणवून घ्यायला एचसीपीसीकडे, म्हणजे आरोग्य व्यवसायांच्या नियामक मंडळाकडे, नोंदणी लागते आणि त्याच्याआधी मान्यताप्राप्त मास्टर्स. अमेरिकेत १९७९ ला स्थापन झालेली संघटना आहे, तिचं आरडीटी, म्हणजे रजिस्टर्ड ड्रामा थेरपिस्ट, हे रजिस्ट्रेशन. न्यूयॉर्क युनिव्हर्सिटी, सॅन फ्रान्सिस्कोची सीआयआयएस, कॅनडात मॉन्ट्रियलची कॉनकॉर्डिया इथे डिग्री होते. खर्च माझ्याच्यानं बोलवत नाही, स्कॉलरशिप मिळाली तर जा.

इथे राहून करायचं तर माझा सल्ला उलटा आहे: आधी थेरपिस्ट हो, मग ड्रामा. म्हणजे एम.ए. सायकॉलॉजी, क्लिनिकल किंवा काउन्सेलिंग, आणि कॉलेजात बसून. "घरबसल्या" म्हणालीस ना, तो दरवाजा आता बंद झालाय. २०२५ च्या जुलै-ऑगस्टच्या प्रवेशापासून यूजीसीनं मानसशास्त्र आणि आरोग्याशी संबंधित विषय डिस्टन्स आणि ऑनलाइन पद्धतीनं शिकवायला मनाई केलीय, त्याच्या मागे २०२१ चा अलाइड हेल्थकेअरचा केंद्रीय कायदा आहे, ज्यात वर्तन-आरोग्याचं काम करणारे लोक येतात. तेव्हा कोणी "घरबसल्या एम.ए. सायकॉलॉजी, आजच प्रवेश" म्हणून फोन केला तर ठेवून दे. बी.कॉम.वर एम.ए. सायकॉलॉजीला घेतात का हे प्रत्येक कॉलेजचं वेगळं असतं, पुण्यात आणि नाशिकमध्ये दोन्हीकडे स्वतः जाऊन विचार, वेबसाइटवर विसंबू नकोस. "क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट" लावायचं असेल तर पुढे आरसीआय, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिलनं मान्य केलेला कोर्स आणि त्यांच्या रजिस्टरमध्ये नाव. तो इतकी वर्षं दोन वर्षांचा पूर्णवेळ एम.फिल. होता, नवीन शैक्षणिक धोरणानंतर कोर्सची नावं आणि रचना बदलतायत, म्हणून प्रवेश घेताना आरसीआयची त्या वर्षाची यादी बघायचीच.

त्या काळात नाटक सोडू नकोस आणि छोटे कोर्स कर, सायकोड्रामाचे, प्लेबॅकचे, डान्स मूव्हमेंट थेरपीचे. तो तुझा सहा वीकेंडवाला पण तेव्हा कर, तेव्हा त्याचा उपयोग होईल. कोर्स घेणाऱ्याला दोन गोष्टी विचारायच्या: तुमचं सुपरव्हिजन कोण करतं, आणि सेशनमध्ये कोणी कोसळलं तर तुम्ही काय करता. दुसऱ्या प्रश्नावर "आमच्याकडे असं कधी होत नाही" असं उत्तर आलं तर पैसे वाचले समज. आणि नाटक आणि मानसोपचार एका माणसात नांदत नाहीत असं कोणी म्हणालं तर डॉ. मोहन आगाशे आहेत, ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था काढणारे डॉ. आनंद नाडकर्णी आहेत, दोघंही मानसोपचारतज्ज्ञ आणि दोघंही नाटकवाले. पण दोघंही आधी डॉक्टर झाले, हे पण लक्षात घे.

सुपरव्हिजन म्हणजे आपल्या केसेस दर पंधरा दिवसांनी आपल्याहून मुरलेल्या माणसासमोर ठेवायच्या. नाशिकमध्ये ड्रामातलं सुपरव्हिजन देणारं कोणी सापडलं नाही तर ऑनलाइन घे, मी अजून घेते, इतक्या वर्षांनंतर. आणि स्वतःची थेरपी. तो वाईट काळ म्हणालीस ना, मी विचारणार नाही काय होता तो, पण कोणीतरी विचारायला हवं, आणि तू सांगायला हवं, नाटक न करता. नाहीतर होतं काय, समोरच्या पोरीची गोष्ट आपल्यासारखी निघाली की आपण नकळत तिला आपल्याच शेवटाकडे ढकलतो. ब्रिटनमध्ये ट्रेनिंगच्या काळात स्वतःची थेरपी सक्तीची असते, आपल्याकडे कोणी विचारत नाही म्हणून आपणच स्वतःला सक्ती करायची.

आता कायद्याचं. अठराच्या आतल्या मुलानं लैंगिक अत्याचाराबद्दल काही सांगितलं, मग ते शब्दात असो की खेळात असो आणि तुला तशी शंका घ्यायला जागा असो, तर पॉक्सो, २०१२ चा कायदा, कलम १९ प्रमाणे पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. आधी शाळेला विचारते, आधी आईला विचारते, असं नाही. कळवलं नाही तर कलम २१ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. म्हणून "इथलं इथेच राहील" असं वचन मुलांना कधीच द्यायचं नाही, पहिल्याच दिवशी त्यांच्या भाषेत सांगून ठेवायचं की कोणी तुला त्रास देतंय असं कळलं तर मला मोठ्या माणसांची मदत घ्यावी लागेल. मोठ्यांच्या बाबतीत गोपनीयता २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात, कलम २३ मध्ये आहे, त्यामुळे सेशनचा व्हिडिओ काढून स्टेटसला ठेवणारे जे "फॅसिलिटेटर" आहेत ना, चेहरा ब्लर केलाय म्हणून सांगणारे, त्यांच्यापासून लांब रहा.

आणि कोणाबरोबर करायचं नाही. ज्याला आत्ता आवाज ऐकू येतायत, भास होतायत, त्याला "समजा तुम्ही राजा आहात" म्हणायचं नसतं, त्याला समजा आणि खरं यातला फरकच सध्या हाताला लागत नाहीये. मॅनियामध्ये, म्हणजे मन अति चढलेल्या आजारी अवस्थेत, असलेला माणूस तुझा स्टार परफॉर्मर वाटेल, तुला वाटेल काय एनर्जी आहे, आणि तू आगीत तेल ओतत असशील. आत्महत्येचे विचार जोरात असतील तर आधी डॉक्टर, आणि रात्री-अपरात्री कोणाला लागलं तर टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात. गोळ्या चालू असणाऱ्याच्या गोळ्या आपण बंद करायला सांगायच्या नाहीत, कमी करायला पण नाही, मत पण द्यायचं नाही. तसंच बलात्कार, अपघात, मारहाण, यातला प्रसंग जसाच्या तसा उभा करायचा नाही. माणूस तो करून "मोकळा" होत नाही, तो परत एकदा त्यातून जातो. प्रसंगाच्या आधीची सकाळ करता येते, नंतर मदतीला कोण आलं ते करता येतं, कोण यायला हवं होतं ते करता येतं.

पैसे. मिळतात, पण ड्रामा थेरपीचे म्हणून कमी मिळतात. माझं घर साध्या समुपदेशनावर चालतं, टेबलाच्या दोन बाजूंना दोन माणसं, पाण्याचा ग्लास, टिश्यूचा डबा. ड्रामाचे गट म्हणजे शाळा, विशेष मुलांच्या संस्था, व्यसनमुक्ती, कधी वृद्धाश्रम. पहिल्या वर्षी एका शाळेनं तीन महिन्यांच्या कामाबद्दल मला शाल आणि नारळ दिला, नारळाची चटणी झाली, शाल अजून आहे. तेव्हा मी सकाळी ट्यूशन घ्यायचे. आता संस्था मानधन देतात, मागावं लागतं एवढंच, आणि लेखी ठरवावं लागतं. अंबड-सातपूरच्या कंपन्या "टीम बिल्डिंग"ला बोलावतात, तिथे पैसा बरा आहे, जा तू, फक्त एचआरला आधीच स्पष्ट सांग की ही थेरपी नाही आणि कोण काय बोललं याचा रिपोर्ट मिळणार नाही. मला एकदा लंच टाइममध्ये हळूच विचारलेलं, "मॅडम, यातले सोडून जाणारे कोण वाटतात तुम्हाला?" तर असंही असतं. थोडक्यात, सीएंची नोकरी आत्ता सोडू नकोस, एम.ए.चा प्रवेश हातात आला की मग बघ.

राहिले घरचे. आपल्याकडे "नाटकं करू नकोस" म्हणजे खोटं वागू नकोस, त्यामुळे त्यांना "नाटकातून उपचार" हे ऐकूनच फसवाफसवी वाटणार, त्यांचा दोष नाही. तू त्यांना थेरपी वगैरे सांगत बसू नकोस. मानसशास्त्रात एम.ए. करतेय म्हण, खोटं नाहीच ते. माझ्या सासूबाई पंधरा वर्षं लोकांना सांगायच्या, सून शाळेत खेळ घेते. मी कधी दुरुस्त केलं नाही.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही काही जण भेटतो, थेरपिस्ट, दोन शिक्षक, एक नर्स, आपापसातच सराव करतो, बाहेरचा क्लायंट नसतो. मला मेसेज कर, पत्ता देते. चारला सुरू होतं, तू साडेतीनला ये, खुर्च्या मांडायच्या असतात. अकरा आहेत, त्यातली एक डगमगते, तिच्यावर नवीन माणसाला बसवू नकोस.